लोरेटाला आधीच कळायचं

लोरेटा ड्रोब्नी गेल्याचं कळलं तेव्हा सोमवारचे सकाळचे सव्वादहा झाले होते, आणि तिचा नवरा एमिल टीमच्या कचेरीतल्या अंधाऱ्या खोलीत आदल्या दिवशीच्या सामन्याचं दुसरं रीळ बघत बसला होता. खरं तर त्याला घरीच थांबायचं होतं. पण सकाळी लोरेटाच म्हणाली होती की माझ्याकडे बघत बसू नकोस, तुझ्या बघण्यानं मला झोप लागत नाही, कामाला जा. तिची मैत्रीण बर्नाडेट येऊन बसणार होती, म्हणून तो गेला. फोन बर्नाडेटचाच होता. ती एवढंच म्हणाली, "एमिल, झोपेतच गेली रे." एमिलनं आधी प्रोजेक्टरचा दिवा बंद केला, कारण रीळ थांबवून दिवा चालू ठेवला की फिल्म जळते. हातातलं कार्ड अर्धवट भरलं होतं. ते तसंच ठेवून त्यानं कोट घातला.

ते १९८३ सालच्या ऑक्टोबरातले दिवस होते. ईरी सरोवराकाठच्या त्या शहरात अमेरिकन फुटबॉल खेळणारी फेरीमेन ही टीम म्हणजे घरातलं माणूस असल्यासारखी होती. एमिल चौसष्ट वर्षांचा होता आणि एकतीस वर्षं तो फेरीमेनसाठी एकच काम करत आला होता. तो आपल्याच टीमवर हेरगिरी करायचा. प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करायला दुसरी माणसं होती. प्रतिस्पर्ध्यानं आपल्याबद्दल काय ओळखलं असेल ते आधी आपण ओळखायचं, हे एमिलचं काम. दर डावाचं एक कार्ड. चार प्रयत्नांतला कितवा, पुढं सरकायच्या दहा यार्डांतले किती बाकी, कोण कुठं उभं होतं, आणि शेवटी धाव की फेक. चेंडू पोटाशी धरून माणसांत घुसायचं की हवेतून पुढं फेकायचा, चढाईत मुळात एवढाच प्रश्न असतो. समोरच्याला त्याचं उत्तर अर्धा सेकंद आधी कळलं तरी सगळं मुसळ केरात. एमिल शेकडो कार्डं मांडायचा आणि मंगळवारी कोचला सांगायचा की दुसऱ्या प्रयत्नात सात यार्ड उरले की तुम्ही दहातून आठ वेळा फेकता, हे त्यांना कळलंय, बदला.

लोरेटाला मात्र कार्डं लागायची नाहीत. ती टीव्हीसमोर बसायची आणि डाव सुरू व्हायच्या आधी सांगून मोकळी व्हायची, धाव किंवा फेक. बहुतेक वेळा तिचं बरोबर यायचं. एमिल घरच्या सामन्यांना स्टेडियममध्ये आणि बाहेरच्या सामन्यांना टीमबरोबर असायचा, त्यामुळं हे त्यानं पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त. त्याला वाटायचं, इतकी वर्षं बघतेय, अंदाज बसला असेल. त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

गुरुवारी सेंट सिरिलच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि नंतर तळघरातल्या हॉलमध्ये जेवण. हालुश्की म्हणजे कोबी घातलेल्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्या, हॅम, बायकांनी घरून आणलेले केक. हेड कोच रस हॅवरकॅम्प आले होते. सहासात खेळाडूही आले होते. त्यांतला ओटिस ग्रँबी हा उजवा गार्ड, म्हणजे चढाईच्या पुढच्या ओळीत समोरच्यांना रोखणारा, एकशे पंचवीस किलोंचा गडी, लहानशा घडीच्या खुर्चीवर बसून हमसून हमसून रडत होता. एमिललाच त्याच्या पाठीवर हात ठेवावा लागला. फादर बोलायला उभे राहिले आणि लोकांना जरा हसवावं म्हणून म्हणाले की लोरेटाशेजारी बसून सामना बघण्यात काही मजाच नव्हती, पुढचा डाव ती आधीच सांगायची. सगळे हसले. एमिलही हसला. कोच हॅवरकॅम्प हसले नाहीत, पण ते एमिलच्या लक्षात फार नंतर आलं.

त्या रविवारी फेरीमेन बाहेरगावी सत्तावीस विरुद्ध सहा असे हरले. ओळीनं तिसरी हार. सोमवारी एमिल कामावर आला. घरी बसून करायचं काय हा प्रश्न होताच. त्यानं दुसरं रीळ चढवलं तोच कोचचा निरोप आला.

कोचनी दार लावून घेतलं आणि त्याला बसायला सांगितलं. ते एमिलपेक्षा वीस वर्षांनी लहान, एरवी तोडून बोलणारे, पण त्या दिवशी शब्द शोधत होते. ते म्हणाले की काल समोरच्या बचावातले मधले दोघं चेंडू सुटायच्या आधी ओरडत होते. फेक, फेक. आणि फेकच असायची. आधीच्या दोन सामन्यांतही तेच झालं. एमिल म्हणाला की कार्डांत तसं काही दिसत नाही, धाव आणि फेक यांचं प्रमाण बरोबर राखलंय, त्यानं दोनदा मोजलंय.

"कार्डांत काय आहे ते नाही विचारत मी, एमिल. कार्डं कुठं असतात ते विचारतोय."

एमिलला खोटं बोलता आलं नसतं आणि तो बोललाही नाही. ऑगस्टपासून लोरेटा अंथरुणाला खिळली तेव्हापासून तो कार्डं आणि येत्या सामन्याचा आराखडा घरी नेत होता. पुढच्या खोलीत तिचा पलंग, पलंगाला लागून त्याचं टेबल.

कोचनी खिडकीबाहेर बघितलं. "चर्चमध्ये फादर बोलले ते मी ऐकलं. आणि तुमच्याकडे येऊन बसायच्या त्या बाई, बर्नाडेट. त्यांचा भाचा कुठं नोकरीला आहे ते तुम्हाला माहीत आहे."

एमिलला माहीत होतं. दोन आठवड्यांपूर्वी, या तीन हारींतल्या पहिलीत, ज्यांनी फेरीमेनना हरवलं, त्यांच्याकडे तो बचावाचा दुय्यम कोच होता.

"मी लोरेटावर आळ नाही घेत," कोच म्हणाले. "आजारी माणूस. एवढी औषधं. काय बोललो ते त्याचं त्यालाही कळत नसतं. आणि आपला आराखडा आठवड्याआठवड्याला फारसा बदलत नाही, एकदा फुटला की त्या गेल्यावरही पुढच्या टीमना पुरतो. पण गुरुवारी मला टीमच्या मालकांना काहीतरी सांगावंच लागेल. तोवर तुम्ही घरी थांबा. या आठवड्याचा आराखडा तुमच्याकडे येणार नाही."

कोच चढ्या आवाजात बोलले असते तर एमिलनं तोंडावर उत्तर दिलं असतं. ते हळू बोलले. तो उठला आणि घरी आला.

पुढच्या खोलीतला दवाखान्याचा पलंग शनिवारीच परत गेला होता. गालिच्यावर त्याच्या चार पायांच्या खुणा उरल्या होत्या. एमिल टेबलापाशी बसला आणि पहिल्यांदा त्याला नीट भीती वाटली. नोकरीचं त्याला फारसं काही नव्हतं, पुढच्या वर्षी तो निवृत्त होणारच होता. पण या शहरात लोक दारुड्याला माफ करतात, बायको सोडून गेलेल्याला माफ करतात, फेरीमेनचे डाव फोडणाऱ्याला मात्र नाही. चर्चच्या हॉलमध्ये, दारूच्या दुकानात, केस कापायला गेल्यावर, सगळीकडे तेच ऐकू येणार. ड्रोब्नीची बायको, तिनंच सांगितलं. आणि त्याहून वाईट म्हणजे ते खरं नसेल असं त्याला छातीठोकपणे म्हणता येईना. शेवटच्या पंधरवड्यात ती त्याला कधी ओळखायची, कधी आपल्या आईशी बोलल्यासारखी स्लोव्हाकमध्ये बोलायची. टेबल तिच्या हाताला लागत होतं. वाचलं असेल. बोलली असेल. ती गेली हे एक झालं. तिच्याबद्दल असं मनात घेऊन राहायचं म्हणजे ती दुसऱ्यांदा गेल्यासारखंच.

मंगळवारी सकाळी तो बर्नाडेटकडे गेला. शुक्रवारी चर्चमध्ये विकायला पिरोही, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, करायच्या होत्या, त्यासाठी ती स्वयंपाकघरात पीठ लाटत होती. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. एमिलला गोड बोलून मुद्द्यावर येणं कधी जमलंच नाही. त्यानं सरळ विचारलं की भाच्याशी शेवटचं कधी बोललीस.

बर्नाडेटनं लाटणं खाली ठेवलं. तिला कळायला वेळ लागला नाही. "चाळीस वर्षं ओळखतोस मला," ती म्हणाली. "तो मुलगा माझ्या बहिणीच्या मयतीला आला नाही. त्याच्या स्वतःच्या आईच्या. त्याला मी फेरीमेनचे डाव सांगणार? मी त्याला वेळ किती झाली ते सांगणार नाही."

एमिलनं माफी मागितली. मग तो खुर्चीवर बसला. बर्नाडेटनं हात पुसले, त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कार्डं? ती त्या कार्डांना काय म्हणायची सांगू? 'सामना न बघणाऱ्यांचा अभ्यास.' एकदा पेला ठेवायला जागा हवी होती म्हणून मी तो गठ्ठा उचलला, तर म्हणाली, तिथंच राहू दे, सरकवलास तर आल्यावर रडेल."

एमिलला हसू आलं. हे बोलणं लोरेटाचंच, त्यात शंका नव्हती.

"मग तिला कळायचं कशावरून?" त्यानं विचारलं.

ते बर्नाडेटलाही ठाऊक नव्हतं. तिनंही दोनचारदा विचारलं होतं. लोरेटा म्हणायची, एमिलनं विचारलं तर सांगेन, आधी त्याला विचारू दे. बर्नाडेटला एवढंच आठवत होतं की टीव्हीवर मध्येच कोचचा चेहरा नाहीतर प्रेक्षकांतली पोरं दाखवली की लोरेटा वैतागायची. घोळका दाखवा रे, घोळका, म्हणून बडबडायची. आणि डाव सुरू झाला की तिचं बघणं संपायचं. तेव्हा ती चहा प्यायची.

एमिलनं कप खाली ठेवला.

घोळका म्हणजे दोन डावांमधलं ते अर्धं मिनिट, जेव्हा चढाईचे अकरा जण गोल करून उभे राहतात आणि क्वार्टरबॅक त्यांना पुढचा डाव सांगतो. एमिलनं एकतीस वर्षांत हजारो रिळं बघितली, पण त्या रिळांवर घोळका नव्हताच. टीमचा कॅमेरा स्टेडियमच्या माथ्यावरून बावीसच्या बावीस माणसं दिसतील असा लावलेला असायचा, आणि रीळ वाचावं म्हणून कॅमेरावाला तो चालू करायचा दोन्ही फळ्या रेषेवर जागेवर बसल्यावर. त्या क्षणापासून पुढं एमिलला सगळं दिसायचं. गार्डनं जमिनीवर टेकलेल्या बोटांवर किती भार दिलाय, कोण अर्धं पाऊल मागं सरकलाय, सगळं. त्याआधीचं काहीच नाही. आणि टीव्हीवरचा सामना त्यानं कधी मन लावून बघितला नाही. टीव्हीवर फक्त चेंडू दिसतो, असं तो लोकांना सांगायचा. आता त्याला आठवलं की एकदा, फार पूर्वी, लोरेटानं विचारलं होतं, तुमच्या फिल्मवर घोळका का नसतो रे. तो म्हणाला होता की घोळक्यात बघायचं काय, उभेच तर असतात. तिनं बरं म्हटलं होतं आणि पुन्हा विषय काढला नव्हता.

औषधानं झोप लागली तर राहिलेला सामना सोमवारी बघता यावा म्हणून बर्नाडेट दर रविवारी आपल्या घरच्या व्हीसीआरवर सामना टेप करून ठेवायची आणि सोमवारी ते यंत्र तिच्याकडे नेऊन लावायची. लोरेटा गेल्यानंतरचा सामनाही तिनं सवयीनं टेप केला होता. सगळ्या टेप तिच्याकडे ओळीनं होत्या. एमिल तिच्या पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसला, आणि ती परत पिरोहींकडे गेली.

पहिला तासभर त्याला काहीही दिसलं नाही. बिअरच्या जाहिराती, कोचचा चेहरा, पुन्हा जाहिराती. डाव सुरू झाला की सवयीनं त्याची नजर पायांवर जायची, आणि टीव्हीवर पायच नसायचे. बर्नाडेट दारात येऊन उभी राहिली आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"तू तुझ्यासारखाच बघतोयस," ती म्हणाली. "तिच्यासारखं बघ. चेंडू सुटला की कॉफी पी."

मग त्यानं तसंच केलं. टेप मागं नेली. जिथं जिथं घोळका दाखवला होता तिथं थांबवून एकेका माणसाचं कार्ड केलं. क्वार्टरबॅकनं बोटं ओली केली का, चेंडू मागं देणाऱ्या सेंटरनं टॉवेलला हात पुसले का, कोण आधी निघालं, कोण मागं राहिलं. दुपारी बर्नाडेटनं बटाटा भरलेल्या सहा पिरोही लोण्यात परतून त्याच्यापुढे आणून ठेवल्या, आणि त्या गार होत असताना त्याला ते दिसलं.

सहासष्ट नंबर. ओटिस ग्रँबी. हेल्मेटला हनुवटीखाली एक पट्टा असतो, तो दोन डावांच्या मध्ये बहुतेक सगळे सोडतात. धाव सांगितली की ग्रँबी घोळक्यातच पट्टा लावायचा. फेक सांगितली की तो पट्टा तसाच लोंबकळत ठेवून निघायचा आणि रेषेकडे चालत जाता जाता लावायचा. रेषेवर बसेपर्यंत पट्टा लागलेला असायचा. टीमचा कॅमेरा तिथून पुढं सुरू व्हायचा.

एमिलनं मोजलं, आणि बुधवारी सकाळी येऊन पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तीन हरलेल्या सामन्यांत ग्रँबी दिसेल असा घोळका एकसष्ट वेळा दाखवला होता. अठ्ठावन्न वेळा पट्टा खरं बोलला होता. उरलेल्या तिनांपैकी दोनदा क्वार्टरबॅकनं रेषेवर येऊन ऐनवेळी डाव बदलला होता, म्हणजे घोळक्यातल्या डावाबद्दल पट्टा तेव्हाही खराच होता. तिसऱ्याचं कारण सापडलं नाही.

पण एवढ्यानं लोरेटा सुटत नव्हती, हे एमिलला कळत होतं. पट्टा तिला दिसला म्हणून त्यांनाही पट्ट्यावरूनच कळलं असं होत नाही. त्याला एक गोष्ट आठवली आणि त्यानं रविवारच्या सामन्याची टेप लावली. दुसऱ्या भागात ग्रँबीचा गुडघा मुरगळला म्हणून एका चढाईपुरता त्याच्या जागी दुसरा गार्ड आला होता. नऊ डाव. त्या नऊ डावांत समोरचे मधले दोघं एकदाही ओरडले नव्हते. त्यांतल्या दोन धावा आणि एका फेकीवर ते भलतीकडेच धावले होते. सामन्यातले सहा गुण फेरीमेनना त्याच चढाईत मिळाले होते. ग्रँबी परत आला आणि पुढच्याच डावाला बचाववाले पुन्हा ओरडायला लागले. आराखडा फुटला असता तर गार्ड कोण आहे यानं त्यांना काय फरक पडणार होता?

एमिल तिथंच बसून राहिला. आपण किती दिवस खांदे आवळून बसलो होतो ते खांदे खाली आल्यावर त्याला समजलं. त्यानं बर्नाडेटला हाक मारली आणि ते नऊ डाव दाखवले. तिला खेळातलं फारसं कळत नव्हतं, पण त्याचा चेहरा बघून तिला कळायचं ते कळलं. ती म्हणाली, "पिरोही खा आता. कालच्याच आहेत, परत गरम केल्या."

दुपारी तो बर्नाडेटचा व्हीसीआर हातात घेऊन कोचच्या कचेरीत गेला. कोचनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्या यंत्राकडे. बसा म्हणाले नाहीत. एमिलनं वायरी जोडल्या, टेप लावली आणि सांगितलं की सहासष्ट नंबरची हनुवटी बघा. पाच डाव झाल्यावर कोच स्वतःच आधी सांगायला लागले. धाव. फेक. फेक. दहा डावांनंतर त्यांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. नऊ डावांची ती चढाई त्यांनी दोनदा बघितली.

"म्हणजे आमच्याविरुद्ध खेळणाऱ्यांत कोणीतरी टीव्ही बघतं," ते म्हणाले.

"त्यांच्यातही कोणाचीतरी बायको असेल," एमिल म्हणाला.

ओटिस ग्रँबीला बोलावलं. तो दारातून वाकून आत आला, टेप बघितली आणि लहान मुलासारखा लाल झाला. म्हणाला की त्याचा जबडा दोन वर्षांपूर्वी मोडला होता, तेव्हापासून पट्टा लावला की तिथं ठणकतं, म्हणून जमेल तितका उशिरा लावतो. धाव असली की पहिल्या हाकेलाच उसळायचं असतं, विसरायला नको म्हणून तेवढा आधीच लावून टाकतो. मग तो थांबला आणि एमिलकडे बघायला लागला.

"मिस्टर डी, हे तर मिसेस डींनी मला सांगितलं होतं."

कोचनी टेप थांबवली.

"मागच्या वर्षी, उन्हाळ्यातल्या सहलीला. मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, 'बाळा, पट्टा घोळक्यातच लावत जा. दर वेळी. विसरू नकोस.' मला वाटलं माझ्या दातांची काळजी वाटतेय त्यांना. माझी आई पण असंच सांगायची."

"मग ऐकलं का नाहीस?" कोचनी विचारलं.

"ऐकलं ना, कोच. दोन आठवडे ऐकलं. मग दुखायला लागलं." त्याचे डोळे भरले होते. "त्या गेल्या तेव्हा मला तेच आठवत होतं. एवढ्या प्रेमानं सांगितलं आणि मी ऐकलं नाही."

एमिल हसायला लागला. आधी हळू, मग त्याला आवरेना. त्याला टेबलाला धरून बसावं लागलं. ग्रँबीला काय करावं ते कळेना म्हणून तोही हसायला लागला. ज्या बाईवर डाव फोडल्याचा संशय होता, तिनं वर्षभर आधी त्या डावांचं भोक बुजवायचा प्रयत्न केला होता. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण त्यानं विचारलं नाही. सरळ गार्डला गाठलं. आणि गार्डला वाटलं, दातांबद्दल आहे.

कोच शेवटपर्यंत हसले नाहीत. ग्रँबी गेल्यावर ते उठले आणि एमिलसमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "मी बोलायला नको होतं, एमिल. चुकलो मी." एमिल म्हणाला की तुमच्या जागी मीही हेच विचारलं असतं. ते खरं होतं. मालकांना काय सांगायचं ते आता कोचना माहीत होतं, आणि त्यांनी ते गुरुवारची वाट न बघता त्याच वेळी फोनवर सांगितलं, एमिलसमोर. तिचं नाव घेऊन सांगितलं. मिसेस ड्रोब्नींनी हे गेल्या वर्षीच ओळखलं होतं, असं.

येत्या रविवारसाठी कोचनी आराखड्यात एका ओळीची भर घातली. सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात ग्रँबीनं पट्टा उलटा लावायचा, धावेला उशिरा, फेकीला घोळक्यात. दुसऱ्या अर्ध्यात दर वेळी घोळक्यातच, लोरेटानं सांगितलं होतं तसं. जबड्यासाठी पट्ट्याच्या आत मऊ कापडाची घडी शिवून दिली. एवढी साधी गोष्ट आधी कोणाला सुचली नव्हती, कारण त्याला दुखतं हे त्यानं कोणाला सांगितलंच नव्हतं.

रविवारी सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता. एमिल वरच्या मजल्यावरच्या आपल्या जागेवर दुर्बीण घेऊन बसला. पहिल्या डावाला ग्रँबी पट्टा लोंबकळत ठेवून घोळक्यातून निघाला. समोरच्या बचावातले मधले दोघं हात वर करून ओरडले, फेक, फेक, आणि दोन पावलं मागं सरकले. त्यांनी रिकामी केलेल्या जागेतून फेरीमेनचा धावपटू चव्वेचाळीस यार्ड पळाला. एमिलच्या शेजारी बसलेल्या मदतनीस कोचनी हातातली कॉफी स्वतःच्याच मांडीवर सांडली. मध्यंतरापर्यंत समोरच्यांना कळून चुकलं की आपल्याला कोणीतरी बनवतंय, आणि त्यानंतर त्यांना काहीच कळेना. फेरीमेन एकतीस विरुद्ध दहा असे जिंकले. खाली लोक टोप्या उडवत होते. एमिलनं दुर्बीण पिशवीत ठेवली. सामना संपल्यावर घरी जायचं आणि घरी कोणी नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सोसवलं.

सोमवारी कोचनी कॅमेरावाल्याला सांगितलं की यापुढे घोळक्यापासून कॅमेरा चालू करायचा, रीळ किती लागेल ते लागू दे. एमिलनं घोळक्यासाठी कार्डात एक नवा रकाना आखला.

संध्याकाळी तो व्हीसीआर परत द्यायला बर्नाडेटकडे गेला. तिनं रविवारचा सामना शेजाऱ्यांच्या यंत्रावर टेप करून घेतला होता आणि तिला तो त्याच्याबरोबर पुन्हा बघायचा होता. दोघं बसले. चौथ्या-पाचव्या डावाला एमिलनं तोंडातल्या तोंडात "धाव" म्हटलं आणि धावच निघाली. बर्नाडेटनं मान हलवली.

"छान," ती म्हणाली. "आणि बाजू?"

"कुठली बाजू?"

"ती बाजूही सांगायची रे. धाव, उजवीकडे. धाव, डावीकडे. मला वाटलं तुला माहीत आहे."

एमिलनं टेप थांबवली. पट्ट्यावरून बाजू कळणं शक्य नव्हतं. पट्टा एकच, आणि तो दोन्ही बाजूंना तसाच लागतो. त्यानं विचारलं की बाजू किती वेळा बरोबर यायची. बर्नाडेट म्हणाली, "बहुतेक वेळा. चुकली की शिव्या द्यायची, पण त्या फार थोड्या वेळा ऐकल्या मी."

त्यानं व्हीसीआर परत दिला नाही. बर्नाडेटनंही मागितला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो रोज कामावरून आल्यावर पुढच्या खोलीत टेप लावून बसतो. सेंटरचे हात, क्वार्टरबॅकची मान, ग्रँबीच्याच ओळीत डाव्या टोकाला असणाऱ्या टॅकलची चाल, कोण कोणाच्या उजव्या हाताला उभं राहतं, हे सगळं त्यानं बघून झालंय. कार्डांचे दोन गठ्ठे झाले आहेत. त्यांत कुठंही बाजू दिसत नाही. लोरेटाला धावेची बाजू कशावरून कळायची, ते अजून सापडलेलं नाही.